न पेटणारी गादी

कानपूरच्या ठोक व्यापाऱ्याने मला फसवलं, आणि त्याचा माल मी माझ्या मित्राच्या घरात घातला. तो मित्र, मोहन सबनीस, जाऊन दीड महिना झाला. "काका, बाबा नहीं रहे," असा त्याच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी अमीनाबादच्या दुकानात गिऱ्हाइकाशी भावावरून हुज्जत घालत होतो. हृदयविकाराने गेला. त्या मालातल्या गादीचा त्याच्याशी संबंध जोडत नाही. उगाच आरोप करणारा मी नव्हे.

सबनीस रेल्वेत इंजिनियर, राहायला मानक नगरला. डब्यांच्या सीटना आग लावून तपासणं हे त्याचं काम. मी मिरजेहून शिवणकामाच्या जोरावर इथे उत्तरेत आलेला. पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा माझा भाव ऐकून म्हणाला, "मिरजेचा आहेस ना? मग आधी चहा सांग, भाव नंतर पाडतो." तेव्हापासून दर रविवारी दारापाशी वेताच्या मोढ्यावर येऊन बसायचा. टोमणा मारायचा असला की मला 'शेठ' म्हणायचा.

कानपूरच्या लालाजींनी मला फोमचा मोठा साठा दिला. "भाईसाहब, एक्स्पोर्ट का माल है, किस्मतवालों को मिलता है." मी घासाघीस करून निम्म्यात उचलला आणि लहान मुलांच्या गाद्या केल्या. गिऱ्हाइकासमोर तुकड्याला काडी लावायची. तो काळा पडून आक्रसायचा, पण पेटायचा नाही. आयाबाया लगेच पिशवी उघडायच्या. सबनीसनेही घरच्या नातीसाठी एक नेली.

पुढे तो मुलीकडे कॅलिफोर्नियाला जाऊन आला आणि थेट दुकानात शिरला.

"शेठ, पेटत नाही ते पाहिलं. का पेटत नाही?"

"अरे, एक्स्पोर्टचा माल आहे तो."

"मग एक्स्पोर्ट का झाला नाही?"

एवढी घासाघीस केली, पण हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. मुलीच्या सोफ्याला चिठ्ठी होती म्हणे, यात आगरोधक रसायन घातलेलं नाही अशी. तिथल्या राज्याने कायदाच केलाय. ती रसायनं फोममधून हळूहळू सुटतात, घरच्या धुळीत मिसळतात, आणि रांगणारं मूल तेच हात तोंडात घालतं. "डब्याची सीट वेगळी," तो म्हणाला. "गादीत तोंड खुपसून पोर रात्रभर झोपतं रे."

आम्ही दोघं कानपूरला गेलो. माल एक्स्पोर्ट का झाला नाही, लालाजी सांगेनात. "आप गद्दा बेचिए, केमिस्ट्री मत पढ़ाइए." मी त्यांची कॉलर धरली. सबनीसने मला मागे ओढलं. "भांडू नको. त्यात काय घातलंय, तेवढंच कळू दे." पण तोवर त्यांच्या माणसांनी आम्हाला बाहेर काढलं होतं. परतताना गाडीत तो म्हणाला, "गादी आज काढीन. पण दोन हिवाळे नात तिच्यावर झोपली... ते कसं काढू?"

उरलेला फोम मी गोदामात कोंडून ठेवलाय. पुढचे सगळे रविवार तो आला की एकच विचारायचा, "काही कळलं?" मी नाही म्हणायचो. आता विचारणारा कुणी नाही.

मोढा दारापाशीच आहे. गेल्या आठवड्यात लालाजी नवा नमुना घेऊन आले, "सबनीस साहब का सुना, बहुत दुख हुआ," म्हणत त्यावर टेकू लागले.

"उठिए, लालाजी. बैठना बाद में. पहले बताइए, उसमें क्या था?"