उपाशी पाणी

तालगुक मावशीला वस्तीत कुणी प्रेमळ म्हणत नाही, आणि मीही म्हणणार नाही. एकाहत्तर वर्षांची, तोंडाची फटकळ बाई. मत्स्यबीज केंद्रात तिनं एकतीस वर्षं सॅमनची पोटं फाडली. डोक्यात दांडका, मग पोटावर एकच काप. गाभोळी बादलीत, मासा मागच्या ढकलगाडीत. गाडी भरली की खड्ड्यात ओतायची आणि वर चुना टाकायचा.

"माझ्या आज्यानं जन्मभरात मारले नसतील एवढे मासे मी चहाच्या आधी मारते," असं ती म्हणायची. ही फुशारकी होती की शिवी, ते मला कधी कळलं नाही.

तिचा जन्म न्यूर्वो गावच्या ओढ्यावरचा. ती अकरा वर्षांची असताना सरकारनं ते गाव उठवलं आणि माणसं ट्रकमध्ये भरून इथं किनाऱ्यावर आणून टाकली. ओढा तिथंच राहिला. नंतर केंद्र झालं, आणि ओढा जिथं नदीला मिळतो त्याच्या खालीच नदीवर लोखंडी गजांचं कुंपण आलं. समुद्रातून अंडी घालायला वर चढणारा मासा तिथं अडतो आणि केंद्रात जातो. वर काहीच जात नाही.

त्या कुंपणाचा राखणदार मी, मात्वेय. माझी आई मी चार वर्षांचा असताना गेली आणि या मावशीनंच मला वाढवलं, मारूनमुटकून का होईना.

संचालक ग्लेब आर्काद्येविच पाहुण्यांना ओढा दाखवायला न्यायचे. "काय पाणी आहे बघा, तळाचा खडा न् खडा दिसतो."

"दिसेल नाही तर काय," मावशी सगळ्यांच्या देखत म्हणायची. "उपाशी पाणी आहे ते. पोटात काही असेल तर गढूळ होईल ना!"

ती लहान असताना पानगळीच्या दिवसांत त्या ओढ्याला घाण वास यायचा. अंडी घालून मासे जागीच मरायचे, थरावर थर. अस्वलं ते रानात ओढून न्यायची, डोकं तेवढं खायची आणि बाकीचं झाडाच्या बुडाशी टाकून जायची. त्यावर झाडं पोसायची, बोरं धरायची. पाण्यात उरलेल्या मढ्यांवर किडे व्हायचे, आणि त्या किड्यांवर, त्या सडक्या मांसावर गेल्या वर्षीची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, हिवाळा काढायची. घरात खाल्लेल्या माशाचं हाडसुद्धा परत पाण्यात टाकायचं असा आमचा रिवाज. एकदा मावशीनं ते कुत्र्यापुढं टाकलं, तर आजीनं तिला काठी मोडेपर्यंत मारलं होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या पानगळीत ती माझ्याकडे आली.

"मात्वेय, दोन गज उचल."

"मावशी, नोकरी जाईल माझी."

"जाऊ दे. नाहीतरी काय मोठा सेनापती लागून गेलास? वीस जोड्या सोड. किझुच जातीचा सॅमन सोड. त्याची पिल्लं वर्षभर ओढ्यातच राहतात. समुद्रात जातील, मोठी होतील, परत येतील. मरायच्या आधी त्या ओढ्याचा वास मला एकदा घ्यायचाय."

मी गज उचलले. पहाटेची वेळ होती. वीस जोड्या वर गेल्या. त्यांनी अंडी घातली आणि त्या मेल्या. उन्हाळ्यापर्यंत ओढ्यात पिल्लं दिसायला लागली. मावशी काठावर पालथी पडून त्यांना बघायची. मी तिला हसताना पाहिलं ते तेव्हाच.

पण पुढच्या पानगळीत गज उचलायची माझी छाती झाली नाही. पिल्लं बोटाएवढी झाली होती, पण नुसती डोकी दिसायची आणि मागं काडी. वर मासा मेलाच नाही तर ती खाणार काय? मग मावशीनं एक जुनी बाबागाडी काढली. खड्ड्यावर चुना पडायच्या आत फाडलेले मासे त्यात भरायची, दोन कोस वर न्यायची आणि पुरानं वाहून जाऊ नयेत म्हणून मुळांना सुतळीनं बांधायची. पोरं मागून ओरडायची, "बाळ केवढं झालं गं?" ती त्यांना माशाचं आतडं फेकून मारायची. बांधायला मी मदत केली. महिनाभरात पिल्लांच्या पाठी भरल्या.

वास लागल्यावर अस्वलही आलं. केंद्राच्या रस्त्यावर पावलं उमटली आणि ग्लेब आर्काद्येविचनी मला बोलावलं.

"वर मासा नाही, मग अस्वल कशाला आलं? उद्या ओढा तपासायला माणसं पाठवतो."

माझी पाचावर धारण बसली. ओढा तपासला की पिल्लं दिसणार, आणि पिल्लं दिसली की गज कुणी उचलले ते निघणार. मी म्हणालो, "तपासायची गरज नाही, साहेब. तालगुक मावशी खड्ड्यातले मासे वर नेऊन टाकते."

त्यांनी तिला कचेरीत उभं केलं, माझ्यासमोरच. "रोगराई पसरवतेस? बरं, मात्वेयनं सांगितलं म्हणून कळलं. टाकलंस तसं सगळं काढ. नाहीतर पोलिसात देतो."

मावशीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ती तीन दिवस मांडीभर गार पाण्यात उभी राहून आकड्यानं मासे ओढत होती. मांस कुरतडायला चिकटलेली पिल्लं त्यासोबत काठावर यायची. ती वाकून एकेक उचलायची आणि परत पाण्यात सोडायची. संचालकाचा माणूस गाडीतून खाली न उतरता "हात चालव, म्हातारे" म्हणायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं माझ्याकडे ब्लीचिंग पावडरचं पोतं दिलं. काठावर मार, म्हणाला.

काठावर.

मी पोतं खांद्यावर घेऊन ओढ्याच्या वरच्या अंगाला गेलो आणि सगळं पाण्यात ओतलं. पुन्हा कुणी तपासायला आलं तर पिल्लू सापडायला नको, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. पाणी दुधासारखं झालं. खाली मावशी उभी होती. आधी तिच्याकडे वास गेला, मग पिल्लं पोट वर करून तिच्या बुटांना येऊन लागायला लागली. तिनं ओंजळीत घेतली ती मेलेली, पुन्हा घेतली तीही मेलेली. मग मान वर करून तिनं माझ्या हातातलं रिकामं पोतं पाहिलं. मी पोत्याची घडी घालत होतो. माणूस अशा वेळी घडीसुद्धा नीट घालतो, याची मला अजून लाज वाटते.

 त्यानंतर ती आजवर माझ्याशी बोललेली नाही.

आमच्याकडे पानगळीत मासा चिरून वाऱ्यावर वाळवतात. बाजूचं जाड मांस माणसांचं. मग उरलेला काटा, त्याला चिकटलेल्या चिंध्यांसकट, कुत्र्यांसाठी वेगळ्या दांडीवर टांगतात. दरवर्षी मावशी माझ्या दाराच्या खिळ्याला त्या जाड मांसाची जुडी लटकवून जायची. पोटच्या पोराचा वाटा.

त्या वर्षीही सकाळी दार उघडलं तर खिळ्याला जुडी होती, नेहमीच्याच गाठीनं नीट बांधलेली. काट्यांची होती.

माझ्याकडे कुत्रं नाही, हे अख्ख्या वस्तीला माहीत आहे. पहिली दोन वर्षं मी ती जुडी फेकून दिली. यंदा परत तशीच लटकली होती. ती मी घरात आणली आणि बसून खाल्ली.