शेवटचा पेपर देवरे सरांचा

परिषदेतले पेपर छापले जातात, त्यांची जाडजूड पुस्तकं निघतात, आणि ती कुणी उघडूनही बघत नाही. किस्से मात्र कुणी छापत नाही, तरी सगळ्यांना तोंडपाठ! आमच्या विद्यापीठात दर फेब्रुवारीला माहिती तंत्रज्ञानाची परिषद भरायची. फेब्रुवारीतच का? तर नाशिकला तेव्हा द्राक्षं असतात, आणि द्राक्षांची पेटी मिळणार म्हटल्यावर वक्ते सहसा 'जमणार नाही' म्हणत नाहीत.

माझ्याकडे काम एकच. वक्त्याची वेळ संपली की घंटी वाजवायची. विभागात टेबलावरची बेल काही मिळेना, म्हणून मी आमच्या देवघरातली पितळी घंटी पर्समधून घेऊन गेले. पहिल्याच वर्षी एक ज्येष्ठ प्राध्यापक डेटाबेसवर बोलताना चांगलेच रंगात आले होते. मी घंटी वाजवली. गृहस्थांनी डोळे मिटले, हात जोडले, आणि भाषण पुढे चालू! पुन्हा वाजवली, तर पहिल्या रांगेनंही हात जोडले. मी कपाळाला हात लावला.

*

या सगळ्याचा फटका बसायचा तो देवरे सरांना. देवरे सर म्हणजे परिषदेचे संयोजक. मंडपापासून मठ्ठ्यापर्यंत सगळं तेच बघायचे. स्वतःचा पेपरही त्यांनी मन लावून लिहिला होता. दोन हजार साल उजाडलं की कॉम्प्युटरचा सालाचा गोंधळ होणार, बँका आणि रेल्वे ठप्प होणार, तर आपण आधीच काय तयारी करायची, असा विषय. पण कार्यक्रमपत्रिकेत त्यांचा नंबर कायम सगळ्यात शेवटी.

"सर, तुमचा पेपर वर घ्या की!" मी म्हणायची.

"अहो मॅडम, घरच्या माणसानं शेवटच्या पंगतीला बसायचं असतं."

आणि ती पंगत काही बसायची नाही! पाहुणे लांबण लावायचे, पाचला हॉल रिकामा करावा लागायचा, आणि देवरे सरांचा पेपर पुढच्या वर्षावर जायचा.

यात वाईट वाटायचं ते नानांचं. नाना म्हणजे सरांचे वडील. दर वर्षी परिषदेला कळवणहून एसटीनं यायचे, सरांच्या इंदिरानगरच्या घरी उतरायचे आणि दोन्ही दिवस शेवटच्या रांगेत टोपी सावरत बसून राहायचे. सगळी भाषणं इंग्रजीत. त्यांना एक अक्षर कळत नसे.

"ताई, आमचा रमेश कधी बोलनार?" मला विचारायचे. "ल्हानपनी चार मानसांत तोंड उघडायचा नाय तो. एकदा माइकवर ऐकायचं हाय."

मी काय सांगणार? "बोलतील हं नाना, आज नक्की," एवढंच.

*

एका वर्षी नागपूरचे एक मोठे तज्ज्ञ आले. आम्हाला वाटलं, आमच्यासाठी आले. ते आले होते त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायला! तीन दिवसांचा विधी. आणि ऐन वेळी फोन, "गुरुजी म्हणतात, विधी संपेपर्यंत गाव सोडता येणार नाही."

देवरे सर डगमगले नाहीत. ऑफिसातला फोन वायर ओढत हॉलमध्ये आणला आणि रिसीव्हर माइकपुढे धरला. साहेब त्र्यंबकच्या एसटीडी बूथवरून बोलू लागले. विषय होता, 'तंत्रज्ञानामुळे मिटलेलं अंतर'. लाइन सारखी कट होत होती, पण भाषण काही संपेना. वेळ संपल्यावर मी थेट रिसीव्हरपाशी गेले आणि घंटी वाजवली.

तिकडून घाईघाईनं आवाज आला, "हो हो गुरुजी, आलोच!" आणि फोन ठेवला.

हॉल हसून हसून दमला. घड्याळात मात्र पाच वाजले होते. नाना पिशवी घेऊन उठले.

*

मग पॉवरपॉइंट आलं. एका उत्साही तरुण प्राध्यापकानं प्रत्येक अक्षर वेगळं उडत येईल अशी सोय केली होती, आणि दर अक्षराला करकचून ब्रेक लावल्याचा आवाज! भाषणाचं शीर्षक पडद्यावर पूर्ण व्हायलाच इतका वेळ गेला, की पोरं प्रत्येक अक्षराला टाळ्या वाजवायला लागली. त्याचं स्वतःचं नाव यायच्या आत मी घंटी वाजवली. बिचारा म्हणाला, "मॅडम, मी अजून सुरुवातच केली नाही हो!"

मी त्याला वेळ वाढवून दिला. कुणाचा? देवरे सरांचाच!

*

आणि मग ते वर्ष आलं. दोन हजार साल उलटून गेलेलं. कार्यक्रमपत्रिका आमच्याकडे गेल्या वर्षीच्याच फाइलवर तारीख बदलून छापायची पद्धत. त्यामुळे तळाशी देवरे सर आणि तोच पेपर, 'दोन हजार सालचं संकट : पूर्वतयारी'. कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण तळापर्यंत आजवर कुणी पोचलंच नव्हतं!

त्या दिवशी मात्र आधीच्या पाहुण्यांना दिंडोरीला द्राक्षबाग बघायला जायचं होतं. त्यांनी भाषण चक्क आवरतं घेतलं. अध्यक्षांनी पत्रिका बघून पुकारलं, "श्री. रमेश देवरे."

सर दचकले. माइकपाशी गेले, पत्रिका वाचली, घसा खाकरला. "मित्रहो, जे संकट येणार म्हणून मी सांगणार होतो, ते आलं नाही. धन्यवाद."

काय हशा, काय टाळ्या! सर हसत खाली उतरायला निघाले. तेवढ्यात शेवटच्या रांगेत नाना उभे राहिले.

"रमेश, इतलंच शे का रे?"

सर पायरीवर थांबले. मग माघारी वळले, माइक हातात घेतला.

"नाही नाना. अजून शे."

आणि सर बोलायला लागले. थेट घरच्या अहिराणीत, शेवटच्या रांगेकडे बघत. यंत्र सालाचे शेवटचे दोनच आकडे कसे लक्षात ठेवतं, त्यानं काय घोटाळा झाला असता, आणि तो होऊ नये म्हणून किती पोरं जागली. हॉलमधलं कुणी जागचं हललं नाही.

"मॅडम, वेळ संपली. घंटी!" अध्यक्ष माझ्याकडे वाकून कुजबुजले.

"सापडत नाहीये, सर," मी म्हटलं आणि पर्सची चेन लावून टाकली.

भाषण संपलं. नाना अजून उभेच होते. अध्यक्षांनी प्रथेप्रमाणे विचारलं, "बाबा, तुमचा काही प्रश्न आहे का?"

नानांनी टोपी नीट केली.

"प्रश्न नाय. हाऊ मना पोऱ्या शे."