सासऱ्यांच्या मनगटावरचं चावीचं घड्याळ

मला जुन्या, चावीच्या मनगटी घड्याळांचा नाद आहे. नादच म्हणतो, कारण छंद म्हटलं की बायको हसते. हिंगोलीतल्या आमच्या घरात कपाटाचा एक खण या घड्याळांनी भरलाय. प्रत्येकाची वेळ वेगळी. त्यामुळे किती वाजले ते बघायला मी मोबाइल काढतो, आणि तेवढ्यात ती हसून घेते.

पण जीव अडकला होता तो खणात नसलेल्या घड्याळात. ते होतं आखाडा बाळापूरला, माझ्या सासऱ्यांच्या हातात. मी त्यांना मामा म्हणतो. लग्नात त्यांच्या सासऱ्यांनी त्यांना दिलेलं. डायलवर देवनागरी आकडे, सेकंदाचा काटा खालच्या छोट्या गोलात वेगळा. मामांचा जन्म हळदीच्या शेतात गेला, आणि मूळची पांढरी डायल दुधात चिमूटभर हळद पडावी तशी पिवळसर झालेली. हा रंग कुठल्या दुकानात मिळत नाही, तो मनगटावरच पिकावा लागतो. पंगतीत मामांचा हात भाजीकडे गेला की माझी नजर हातामागं जायची. सासूबाईंना वाटे, जावयाला भाजी हवी आहे. त्या वाढत राहायच्या आणि मी खात राहायचो.

मागणार कसं? जावयानं सासऱ्याच्या अंगावरची वस्तू मागणं बरं दिसत नाही. मग मी जुन्या वस्तू जमवणाऱ्यांचा नेहमीचा डाव टाकला. जे हवं त्याला नावं ठेवायची. मालकाच्या मनातून उतरलं की ते आपल्याकडे चालत येतं. दर खेपेला मी काहीतरी खोट काढू लागलो. कधी काच धुरकट झाली म्हणालो, कधी घड्याळ मागं पडतंय म्हणालो. एकदा तर सरळ सांगून टाकलं की मामा, हे मशीन आता कामाचं राहिलं नाही, नुसती तकलीफ आहे. मामा घड्याळाकडं बघत, मग माझ्याकडं, आणि म्हणत, "व्हय का?"

यंदा धोंड्याचा महिना आला. अधिकमास म्हणजे जावयाची चंगळ. सासरी बोलावणं, पुरणाचे धोंडे, कपडे आणि वर एखादी वस्तू वाण म्हणून. बायकोनं फोनवर आधीच काढून घेतलं की बाबा हातातलं घड्याळ देणार आहेत. मी त्याच दिवशी खणात मधोमध जागा केली आणि बाकीची मंडळी कडेला सरकवली.

ओवाळणं झालं. ताटात लाल मखमली डबी आली. मी ती देवाच्या पेटीसारखी उघडली.

आत निळीशार डायल होती, तिच्यावर चमचमते ठिपके. काच नवी. भोवतीचं धातूचं घर तेवढं जुनंच, पण त्याला पॉलिश इतकं मारलेलं, की माझा उतरलेला चेहरा त्यात स्वच्छ दिसत होता. सेकंदाचा काटा एकेक ठोका मोजून टाकत होता, म्हणजे आत सेल बसला होता.

"वाणात जावयाला जुनं देऊन कसं चालंन?" मामा म्हणाले. "तुमीच म्हणून राहिले व्हते, मशीन कामाचं न्हाई. हिंगोलीला जाऊन समदं नवं टाकून आणलं. आता बराबर चालतंय."

मी हसलो, म्हणजे ओठ ताणले. बायकोनं एकदम पाणी आणायला आत जायचं काढलं.

जेवायला बसल्यावर दोन धोंडे कसेबसे गिळले आणि धीर करून विचारलं, जुनं मशीन दुकानदाराकडेच राहिलं का. मामांनी बंडीच्या खिशातून सुपारीची डबी काढली. आत कापसावर ते अख्खं मशीन होतं, पिवळ्या डायलसकट, काट्यांसकट. आणि चालू होतं.

"हे म्या ठिवलं," ते म्हणाले.

"मला द्या की मामा."

"खराब माल जावयाला कसा द्यावा?"

मग मात्र मी माझा सगळा डाव सांगून टाकला. वाढता वाढता सासूबाई हातात तुपाची वाटी घेऊन थांबल्या. मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"काहून एवढं फिरून आले जावईबापू? सरळ मागितलं असतं तर देलं असतं."

"मग आता द्या."

"आता कसं देऊ? चांगलं हाय म्हणता न तुमी."

त्यांनी डबी मिटली आणि धोंड्यावर तूप घ्यायला सांगितलं.

ते निळं घड्याळ मी बाळापूरला जाताना घालतो. मेलं एक मिनिट मागंपुढं होत नाही. मागच्या खेपेला मामांनी आपणहून डबी माझ्यापुढं धरली आणि चावी द्यायला सांगितली, हळू, म्हणाले. मी श्वास रोखून दिली. कानाला लावायला उचललं, तर त्यांचा तळहात आधीच पुढं आला होता.

"आणा इकडं."