येतो म्हणून बर्फात गेलो

मिरजगावच्या आमच्या शाळेत गॅदरिंगला दक्षिण ध्रुवावरच्या मोहिमेचं नाटक होतं. दुपारी दोनला, पत्र्याच्या शेडमध्ये. थर्माकोल कुस्करून बर्फ केलेला आणि आम्ही चौघं स्वेटर, कानटोपी, वरून घोंगडी. पाच मिनिटांत तोंडाला फासलेली पावडर ओघळून गळ्यात आली. सर म्हणाले, "चालंल. हिमदंश वाटतोय."

रोल माझाच सगळ्यात भारी! पाय सडलेला गडी. माझ्यामुळं बाकीच्यांना उशीर होतोय, खायचं संपत आलंय, म्हणून मी तंबू सोडून वादळात मरायला निघतो. डायलॉग एकाच शब्दाचा. "जातो."

आदल्या दिवशी घरी प्रॅक्टिस करत होतो, तर आई तव्यावरची भाकरी सोडून उठली.

"जातो म्हनायचं न्हाई. येतो म्हन."

"अगं आई, तो मरायला चाललाय."

"मरू दी त्याला. तू येतो म्हन."

दादा फौजेत आहे. तेव्हा वर बर्फातल्या चौकीवर होता आणि नऊ दिवस फोन नव्हता. मी वाद घातला नाही. सरांना पण काही बोललो नाही.

नाटकात माझी वेळ आली. विंगेतून सर कुजबुजायला लागले, "जातो... जातो म्हण..." समोर पहिल्याच रांगेत आई. पदराचं टोक मुठीत.

"येतो," म्हणालो आणि तंबूबाहेर पडलो.

कॅप्टन झालेला पोरगा रडायच्या तयारीत होता. तो थांबला. "कधी?" म्हणाला.

मागून कोणतरी ओरडलं, "येताना दूध घिऊन ये रं!" सगळी शेड हसायला लागली.

विंगेत सरांनी माझी घोंगडी धरली. "मेला का नाहीस?"

"येतो म्हणालोय ना, सर."

"मग जा आता परत! लोकं वाट बघतायत."

गेलो. कॅप्टन म्हणाला, "आलास?"

"व्हय."

यापुढं कोणालाच काही सुचेना, म्हणून ते तिघं स्क्रिप्टप्रमाणे ओळीनं मेले. पडदा अडकला होता. मी त्यांच्यामध्ये बसून राहिलो, जिवंत, घामानं चिंब, एकही डायलॉग शिल्लक नसलेला. लोकं हसतच होती. आईनं मात्र पदर सोडला आणि खुर्चीत मागं टेकली.

दादाचा फोन चौथ्या दिवशी आला. नेटवर्क नव्हतं म्हणे, एवढंच. आईनं जेवलास का विचारायच्या आधी त्याला नाटक सांगितलं.

"तिघं मेले," म्हणाली. "आपला आला."