टोपीवरून धरलेला अबोला

कोन गावी धाकट्या मामाच्या लग्नात बाबांना मानाचा टॉवेल मिळाला, टोपी मिळाली नाही. बाकीच्या जावयांना दोन्ही मिळालं. त्या दिवसापासून बाबांनी आईशी अबोला धरला, आणि आपणच का नमतं घ्यायचं म्हणून आईनेही धरला. मी तेव्हा चौदा वर्षांची, घरात एकुलती एक. म्हणजे दोघांचं बोलणं वाहायला मीच.

राहनाळजवळच्या आमच्या घराला एक खोली आणि एक पडवी, मागे एका म्हशीचा गोठा. दोघं हाताच्या अंतरावर बसायची आणि आई मला म्हणायची, "तुज्या बापसाला सांग, भात वाढलाय." बाबांना ऐकू जायचं, पण मी सांगेपर्यंत ते ताटाला हात लावायचे नाहीत. भांडणंही माझ्यातूनच चालायची. आईचे टोमणे मी बाबांना मारायचे, बाबांच्या शिव्या आईला द्यायचे, आणि उद्धट बोलते म्हणून दोघंही मलाच ओरडायची. माझी झोप उडाली. घास उतरेना. एके दुपारी आई "सांग" म्हणाली आणि माझ्या तोंडातून आवाजच फुटेना. मी फार घाबरले.

मला कुणाची तरी नजर लागली, असं ठरलं. भगताने लिंबू उतरवलं आणि विचारलं, पोर कधीपासून गप्प हाय? आईने सवयीने मलाच सांगितलं, "तुज्या बापसाला इचार." भगत आम्हा तिघांकडे बघतच राहिला.

मी कामातून गेल्यावर दोघांनी म्हशीला धरलं. गोठ्यात तिच्या दोन बाजूंना उभं राहून, सांग गो त्याला, सांग गो तिला. थोड्याच दिवसांत म्हैस आटली. धामणकर नाक्यावरच्या हॉटेलात दूध जायचं, ते बंद झालं. घरात सुतक पडल्यासारखं झालं. बाबांनी लूमच्या कारखान्यातली शिफ्ट बुडवली आणि दिवसभर तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. संध्याकाळी ते थेट आईकडे वळले.

"आजपासून हिच्यासमोर भांडायचं न्हाय. मुकं जनावर हाय, मनाला लावून घेतं."

"हां, बिचारी," आई म्हणाली.

मामाच्या लग्नानंतर दोघं एकमेकांशी पहिल्यांदाच बोलली होती. मी पेंडीची पाटी घेऊन त्यांच्या मागे उभी होते. पाटी रागाने खाली ठेवली आणि कशी कोण जाणे, वाचा फुटली.

"आनि मी?"

दोघांनी दचकून आधी म्हशीकडे पाहिलं.