पंपाचा काही दोष नव्हता

आमच्या मागच्या गल्लीत छोट्या ट्रॅक्टरांचं एक वर्कशॉप आहे. बागांत, गोदामांत फिरणारे, पुढे माती उचलायला लोडर लावलेले ट्रॅक्टर तिथे दुरुस्तीला येतात. तिथल्या मिस्त्रींना सगळे ‘कानसेन’ म्हणतात. इंजिन चालू असताना लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटायचे आणि मोठ्या डॉक्टरच्या थाटात सांगायचे, “बेअरिंग गेलंय. डावीकडचं.” उघडून पाहावं तर डावीकडचंच निघायचं. तेलाचा दाब मोजायचा गेज त्यांनी कधी विकत घेतला नाही. “ज्याला कान नाहीत त्याने गेज लावावा,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

घरात मात्र ते ऐकत नाहीत अशी बायकोची तक्रार असायची. “दाराची बेल बिचारी ओरडून ओरडून दमते, आणि हे बाजूलाच पेपर वाचत बसलेले!”

“बाई, तुम्हीच सांगा,” ते मला म्हणायचे, “लग्नाला इतकी वर्षं झाली की कोणाचे कान शाबूत राहतात?”

आम्ही सगळे हसायचो. ती तक्रार कोणी खरी मानलीच नाही.

मी शाळेत शिकवते; त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. अबोल, पण हाताला क्षणाची उसंत नाही; बाकावर बसल्या बसल्या शेजारणीच्या पेनातली स्प्रिंग काढून पुन्हा बसवणारी. यंत्रांचा डिप्लोमा करून ती वडिलांच्या हाताखाली आली तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं. भेटेल त्याला सांगायचे, “आता माझं काय, मी खुर्चीवर बसणार.” बसले मात्र कधीच नाहीत. प्रत्येक मशीन आधी ते ऐकणार, निदान तेच करणार, मुलीने फक्त पाने द्यायचे आणि नट आवळायचे. एखादं काम त्यांनी सुरुवातीपासून शेवटापर्यंत आपल्यावर सोपवावं, एवढंच तिला हवं होतं. दुसऱ्या गावच्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने तिला नोकरीला बोलावलं होतं आणि ती उत्तर द्यायचं पुढे ढकलत होती. हे तिने मला सांगितलं होतं. घरीही सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच सुमाराला रोपवाटिका चालवणाऱ्या ताई आपला ट्रॅक्टर घेऊन आल्या.

“मिस्त्री, याला काहीतरी खायला घाला हो! रिकामी बकेट ऐटीत उचलतो, पण ओली माती भरली की गुडघे टेकतो.”

मिस्त्रींनी तेल पाहिलं, थोडं कमी होतं ते भरलं. फिल्टर बदलला. फरक पडेना. मग स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, डोळे मिटले. मुलगी जवळच उभी होती.

“बाबा, शिट्टी ऐकू येतेय ना?”

“ऐकतोय, ऐकतोय. मला शिकवू नकोस. पंप झिजलाय.”

“आधी दाब मोजून बघू या का? गेज मैत्रिणीकडून आणते.”

“तुझ्या जन्माआधीपासून पंप ऐकतोय मी.”

नवा पंप बसला. बकेट मातीने भरली, लोडरचे हात अर्ध्यावर गेले, थरथरले आणि थांबले. ताईंनी कपाळाला हात लावला. गल्लीतले दोघेतिघे बघायला उभे होते. त्यातला एक म्हणाला, “कानसेन, आज सूर लागला नाही वाटतं!” सगळे हसले, आणि मिस्त्रींचा चेहरा उतरला. त्या उतरलेल्या चेहऱ्यानेच ते मुलीकडे वळले.

“लोडरच्या सिलिंडरांतली तेल अडवणारी सील मागे तू बसवली होतीस ना? तिथूनच तेल मागे सरकतंय. एक काम धड होत नाही तुझ्याकडून.”

तिने पाने उचलले. दोन्ही सिलिंडर उतरवले, सगळ्यांसमोर उघडले. सील नव्यासारखी होती, कुठे ओरखडासुद्धा नव्हता. तिने ती पुसून पुन्हा बसवली, हात धुतले आणि घरी गेली. मिस्त्री ‘माझं चुकलं’ म्हणाले असते तर काय झालं असतं कोण जाणे. ते म्हणाले, “नशीब तुझं.”

त्याच आठवड्यात ती दुसऱ्या गावी गेली. जाताना मला भेटायला आली होती. मी म्हटलं, “अगं, रागाच्या भरात जाऊ नकोस.” ती म्हणाली, “राग नाही बाई. तिथे मला पूर्ण मशीन देतात.”

ताईंचा ट्रॅक्टर तसाच अर्ध्या ताकदीने चालत राहिला. एक दिवस त्या पुन्हा आल्या, त्याच्यावर बसूनच.

“मिस्त्री, उचलायचं राहू द्या एक वेळ. पण ही शिट्टी तेवढी बंद करा. डोकं उठतं हो!”

“कुठली शिट्टी?”

“कुठली काय! ही काय वाजतेय की.”

इंजिन चालूच होतं. इंजिनाची घरघर, गिअरचा खडखडाट त्यांना स्वच्छ ऐकू येत होता. शिट्टी नव्हती. त्यांनी स्क्रूड्रायव्हर पंपाला लावला, कानाशी धरला. मग दुसऱ्या कानाशी धरला. ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि हळूच त्यांनी इंजिन बंद केलं.

पुढचं काम त्यांनी निमूटपणे केलं. पंपातून अशी बारीक शिट्टी यायला लागली की तो तेलाबरोबर हवा ओढत असतो, हे त्यांनीच मुलीला शिकवलेलं. हवा दबते, तेल दबत नाही. तेलात हवा शिरली की उचलायचा जोर जातो. टाकीपासून पंपापर्यंतच्या होज पाइपच्या जोडांवर त्यांनी ग्रीस फासलं आणि ताईंना इंजिन सुरू करायला सांगितलं. टाकीकडच्या जोडाने ग्रीस आत ओढून घेतलं. पंप बदलताना ते टोक त्यांनी सोडवलंच नव्हतं. क्लिपखाली रबर कडक होऊन तडकलं होतं. हातभर पाइप बदलला आणि शिगोशिग भरलेली बकेट सरळ वर गेली.

“वा! आणि शिट्टीही गेली,” ताई म्हणाल्या.

“गेली का?” मिस्त्रींनी विचारलं.

संध्याकाळी ते आमच्याकडे आले. “बाई, मुलीला फोन लावून द्या. आवाज मोठा ठेवा. घरून लावला तर तिच्या आईसमोर बोलता यायचं नाही.”

मी फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि आत जायला निघाले. त्यांनी हातानेच बसा म्हटलं.

“पंपाचा काही दोष नव्हता,” ते एकदम म्हणाले. “तुझाही नव्हता. मला शिट्टीच ऐकू येत नाही, बाळ.”



“मला माहीत होतं, बाबा.”

“ट्रॅक्टरचं?”

“नाही, तुमचं. ट्रॅक्टरच्या वेळी वाटलं, या खेपेला ऐकलं असेल तुम्ही. ऐकतोय म्हणालात ना.”

“मग कधी बोलली का नाहीस?”

“काय बोलणार? काम माझ्यावर सोडलं असतंत तर कोणाला कळूही दिलं नसतं मी.”

मिस्त्री गुडघ्यावर हात चोळत राहिले. “परत ये. सगळं तूच बघ. मी खरंच खुर्चीवर बसतो.”

“आता कसं येऊ, बाबा? इथे माझ्या हाताखाली माणसं दिलीत.”

“सुट्टीला तरी?”

“सुट्टीला येईन की. तुमचे कान तपासून घेऊ.”

मग ती आणखी काहीतरी बोलली, अगदी हळू, आणि फोन बंद झाला. मिस्त्री पुढे वाकून तसेच बसले होते. फोन बंद झालाय हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला.

“शेवटी काय म्हणाली हो ती?”

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. ऐकू गेलं नव्हतं. मग मी त्यांच्या कानाशी वाकून, शेजारच्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, तिचं वाक्य पुन्हा म्हटलं: “मला तुमच्याजवळच राहून काम करायचं होतं, बाबा.”

“हो,” ते म्हणाले, आणि चपला घालून निघाले.