कळ कामाची की आजाराची

रोज सकाळी सातच्या सुमारास बय फाटकापाशी येऊन उभी राहायची, दोन्ही हात डोक्यामागे न्यायची आणि अंबाडा बांधायची. घरात आरसा नव्हता असं नाही. मुलाने चांगला माणसाएवढा आरसा बसवून दिला होता. पण अंबाडा बांधायचा तो फाटकातच, माझ्या गॅलरीकडे तोंड करून. बांधून झाला की वर बघून ओरडायची, "हात वर गेलं गो, मास्तरीन!" मी चहाचा कप उंच करायची. मग आम्ही दोघी आपापल्या कामाला लागायचो.

तुम्ही बघितलं असतं तर म्हणाला असता, काय हौस आहे म्हातारीला! पण ती हौस नव्हती, रोजची परीक्षा होती. आणि परीक्षक मी होते, याची लाज मला आजही वाटते.

कात्रपमधली आमची इमारत उभी आहे ती बयच्या भातशेतीवर. जमीन गेली, त्या बदल्यात तळमजल्यावरची दोन घरं आली. आगऱ्यांच्या घरात आईला बय म्हणतात. ही अख्ख्या इमारतीची बय झाली. मी पहिल्या मजल्यावर राहते आणि उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या शाळेत आठवी-नववीला शास्त्र शिकवते, म्हणून मी मास्तरीण. आणि ती धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन हळद लावते ती धवलारीण. भटजी उशिरा आला तर लोक चहा घेतात, धवलारीण उशिरा आली तर मांडवात कुजबुज सुरू होते.

चार वर्षांपूर्वी तिचे हात वर जाईनासे झाले. सकाळी खांदे आणि मांड्या अशा आखडायच्या की खाटेवरून उठवायला दोन माणसं लागत. वात आहे, वय आहे, तेल चोळा, असं करण्यात तीन महिने गेले. शेवटी मी आणि तिच्या मुलाने तिला उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये नेलं. तिथे भर बाजारात, कापडाच्या दुकानाच्या वर एक सिंधी डॉक्टर बसतात, सांध्यांचे आणि स्नायूंचे. त्यांनी रक्त तपासलं आणि स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी बय फाटकात उभी राहिली, हात डोक्यामागे गेले आणि ती लहान मुलीसारखी रडली.

गोळी लागू पडली खरी, पण तिने आपलं भाडंही वसूल केलं. साखर वाढली. चेहरा गोल झाला. "माजा तोंड भाकरीसारखा फुगलाय," बय म्हणायची, "नातीचे लग्नान मी फोटूत येनार नाय." गोळ्या कधी सुटतील, हा एकच प्रश्न ती डॉक्टरांना विचारायची.

"माई, दवाई छोडनी नहीं, उतारनी है," डॉक्टर म्हणाले. "सीढ़ी से उतरो, कूदो मत." मग माझ्याकडे वळून त्यांनी नीट समजावलं. डोस कमी केला की दुखणं डोकं वर काढू शकतं. पण प्रत्येक कळ आजाराची नसते. साठी ओलांडलेल्या बाईने बादली उचलली तरी खांदा दुखतोच. तेव्हा विचारायचं: एका बाजूला दुखतंय की दोन्ही? सकाळी उठल्यावर किती वेळ आखडतं? हालचाल केल्यावर मोकळं होतं की जास्त दुखतं? आणि काल काय केलं होतं? जिथे काम पडलं तिथेच दुखतंय, वापरलं की जास्त आणि टेकलं की कमी, तर बहुधा ताण. दोन्हीकडे, विश्रांतीनंतर जास्त, तर त्यांना फोन करायचा.

आम्ही उठायला लागलो तर त्यांनी पुन्हा बसवलं. "और एक बात. कानशिलात दुखलं, चावताना जबडा दमला, डोळ्यासमोर अंधुक झालं, तर त्याच दिवशी आणायचं. खांदे कितीही चांगले असले तरी. आँख गई तो वापस नहीं आती."

मी हे सगळं बयच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलं. रोजचा डोस त्या त्या तारखेच्या चौकोनात, आणि डोळ्यांचा इशारा दर महिन्याच्या नव्या पानाखाली, लाल शाईने. शास्त्राची शिक्षिका ना मी. दर सकाळी चार प्रश्न. बय वैतागायची. "तू पोलिसान जायाची व्हतीस," म्हणायची.

पंधरा मिलिग्रॅमपासून उतरत उतरत आम्ही सातवर आलो. नातीचं लग्न पाच आठवड्यांवर होतं. आणि एका सकाळी फाटक रिकामं दिसलं.

मी चहा तसाच टाकून खाली धावले. बय खाटेवर बसली होती, हात पदराखाली. दोन्ही खांदे दुखत होते.

"उठल्यापासून?"

"उठल्यापासना."

"काल काय केलंस?"

"काय पन नाय. टीवी बघला."

दोन्ही बाजू, सकाळ, आणि काम काही नाही. म्हणजे आजार परतला. पुन्हा वरचा डोस, पुन्हा साखर, लग्नात धवलारीण खाटेवर. तिचा मुलगा दारातून म्हणाला, "मॅडम, दोन गोळ्या जास्त देऊन टाका ना, विषय संपला." मी त्याच्यावर खेकसले. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, उद्या सकाळी रक्त द्या, तोवर गोळी कमी नाही की जास्त नाही.

मग सुनेने चहा आणला. चहा घ्यायला बयला पदरातून हात काढावाच लागला. तळहात मनगटापर्यंत पिवळाधमक!

मी तिच्याकडे बघितलं, तिने छताकडे बघितलं.

जिन्याखालच्या उखळात अजून हळदीची पूड चिकटलेली होती. मुलगा साइटवर गेला की दुपारी बसून तिने तीन दिवस हळकुंडं कुटली होती. दगडासारखी हळकुंडं, टोकाला लोखंडी कडं बसवलेलं मुसळ, आणि दमली की हात बदलत. दोन्ही खांदे दुखतील नाही तर काय होईल!

"गिरणी आहे ना गं बय, पाकिटं मिळतात."

"पाकिटातली हलद माजे नातीला लावू? तू लावशील तुजे पोरीला?" आणि वर मलाच ऐकवलं, "उखलान डोका घातल्याव मुसलाला कोन भितंय?"

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर हसले, सातवरच राहा म्हणाले, मुसळ कुलपात ठेवा म्हणाले. आणि मी? मी हवेत तरंगत घरी आले. शाळेत स्टाफरूममध्ये सगळ्यांना ही गोष्ट सांगितली. त्या दिवसापासून आमचा एक विनोदच झाला. बयने कंबरेवर हात ठेवला की मी गॅलरीतून ओरडायची, "मुसळ?" आणि ती खालून, "मुसल!"

नव्या महिन्यात डोस सहावर आला. मी कॅलेंडरचं पान उलटलं, तारखांच्या चौकोनात सहाचे आकडे लिहिले. लाल शाईतली ओळ या वेळी मागच्या पानावरच राहिली, भिंतीकडे तोंड करून.

लग्नाला आठ दिवस उरले. बय दुपारभर गायची. शेजारच्या दोन सुना तिच्यामागे ओळी धरायच्या आणि चुकल्या की शिव्या खायच्या. एका रविवारी मी जेवणाच्या वेळी डोकावले, तर बय भाकरीचा तुकडा माशांच्या कालवणात बुडवून मऊ होण्याची वाट बघत होती. ही तीच बाई, जी मला चहात बिस्किट बुडवताना बघून म्हणायची, दात सासरी ठेवून आलीस काय?

"काय गं, भाकरी अशी?"

"जबरा दमतंय. गाऊन गाऊन." तिने गालावरून हात फिरवला. "आन् अंबारा ताठ बांधला का इथं ठनकतंय." तिने उजव्या कानशिलावर बोट ठेवलं.

तुम्हाला कळलं. मला सांगा, तुम्हाला आत्ता लगेच कळलं ना? आणि मी, जिने ते लाल शाईने लिहिलं होतं, मी काय केलं? मी हसले. "मुसळ!" म्हणाले. बयही गाल धरून हसली. धवलारीण गाणार तर जबडा दुखणार, एवढा मोठा अंबाडा बांधणार तर डोकं ठणकणार, मला सगळ्याला कारण सापडत होतं. शिवाय रोज सकाळी हात वर जातच होते. मी कप उंच करतच होते. जाताना तिला सांगून गेले, अंबाडा जरा सैल बांध.

हळदीच्या सकाळी इमारतीपुढे मांडव होता. तांदळाच्या पिठाचा चौक, त्यावर पाट, पाटावर नात. बयने धवला सुरू केला आणि बोलणारी माणसं गप्प झाली. तिचा आवाज बारीक नव्हता, गोडही नव्हता. जुन्या दरवाजासारखा जड होता. आंब्याचं पान वाटीतल्या हळदीत बुडवायचं, मग पाय, गुडघे, खांदे, कपाळ. हळद अर्थातच तिची, त्या तीन दुपारींची.

पाय झाले, गुडघे झाले, खांदे झाले. कपाळाच्या वेळी पान नातीच्या कानाच्या बाजूने गेलं, हवेत. बयने पुन्हा हात नेला. पुन्हा हवेत. बायका हसल्या. "बयला रडू येतंय गो," कोणीतरी म्हणालं.

बय रडत नव्हती. मी पुढे बसले होते, मला तिचे डोळे दिसत होते. कोरडे होते. आणि त्या क्षणी मला ती भाकरी आठवली.

मी वाकून तिच्याजवळ गेले. "बय, डोळ्याला काय झालंय?"

दोन ओळींच्या मधल्या श्वासात ती पुटपुटली, "सकालपासना उजवे बाजूला परदा परलाय."

"ऊठ. आत्ताच्या आत्ता ऊठ."

"धवला अर्धा टाकून उठू?" तिने पिवळ्या हाताने माझं मनगट पकडलं. "पोरीचा लगीन हाय."

नातीने ऐकलं. ती कुजबुजली, "आजी, छोड ना ये सब, चल ना डॉक्टरकडे." बयने तिच्याकडे असं बघितलं की पोर पुन्हा सरळ बसली. अर्धवट राहिलेला धवला नवरीच्या संसाराला लागतो, असं ती मानायची. मी नाही मानत. पण मी तिथून तिला उचललं नाही. तिच्या मुलाला गाडी काढायला पाठवलं आणि उरलेली दोन कडवी उभी राहून ऐकली. आयुष्यात कुठलंही गाणं मला इतकं लांब वाटलेलं नाही.

शेवटची ओळ संपली. बयने डाव्या हाताने नातीचं कपाळ चाचपलं, मग उजव्या हाताने पान टेकवलं. बरोबर मधोमध. मग उभी राहिली, दोन्ही हात डोक्यामागे नेऊन अंबाडा घट्ट केला आणि म्हणाली, "चल."

अंबरनाथच्या रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या. बय माझ्या शेजारी बसली होती, हात मांडीवर. मग म्हणाली, "मास्तरीन, यो मुसल नाय वाटत."

मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले.

डॉक्टरांनी तिला थेट हॉस्पिटलात दाखल केलं, सलाइनमधून मोठा डोस दिला. डावा डोळा वाचला. उजवा गेला तो गेलाच.

तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना बाहेर गाठलं. दोन कडव्यांचं सांगितलं. मी तेव्हाच तिला ओढून आणायला हवं होतं का, असं विचारलं.

"मॅडम, दोन कडव्यांनी काय होणार? परदा तो सुबह से था," ते म्हणाले. "जबडा कधीपासून दुखत होता?"

"आठ दिवस."

ते कागदावर लिहीत राहिले. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

लग्न ठरल्या दिवशीच झालं, बयच्या हुकमावरून. पंधरवड्यानंतर घरी पूजा झाली तेव्हा ती प्रत्येक फोटोत होती, अगदी पुढे, चेहरा पहिल्यापेक्षा दुप्पट गोल. गोळ्यांचा जिना पुन्हा वरच्या पायरीपासून सुरू झाला. आता ती खोटं बोलत नसे. फाटकात उभी राहून मी विचारायच्या आधीच सगळं सांगायची. जबडा, कानशील, डोळा, काल उचललेली कळशीसुद्धा. फक्त आता मला शोधायला तिला मान पूर्ण वळवावी लागायची, मग डावा डोळा गॅलरीवर यायचा.

एकदा हिय्या करून मी म्हटलं, "बय, मी त्या दिवशी हसले."

"मी खोटा बोलली, तू हसली," ती म्हणाली. "दोघी शान्या." आणि कोथिंबीर निवडायला लागली.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. छातीत कफ झाला आणि चार दिवसांत संपलं सगळं. डोस तेव्हा पुन्हा सहावर आला होता. ते कॅलेंडर तिच्या सुनेने मला दिलं. काय करायचं त्याचं, ते तिलाही कळेना आणि मलाही.

मागच्या आठवड्यात पेपर तपासून माझा खांदा दुखू लागला. एकच, उजवा. सकाळी सातला गॅलरीत उभी होते, खाली फाटक नुसतंच होतं. तोंडात तो शब्द आला आणि मी तो गिळला. चहा कठड्यावर ठेवला आणि स्वतःला प्रश्न विचारले, मोठ्याने, एकेक करून. चार नाही, सात: खांद्याचे चार, आणि जबडा, कानशील, डोळा. मग दोन्ही हात डोक्यामागे नेले. वर गेले.

सांगायला खाली कोणी नव्हतं.